शेवभाजी खा, पण चारचं केळं चुकवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मूळचा रत्नागिरीकडचा, वय 31. बँकेतल्या बदलीमुळे आठ महिन्यांपासून जळगावात एकटाच राहतो. दुपारी दीडला मेसचा डबा, मग चहा-बिस्किटं, रात्री साडेनऊला हॉटेल. शेवभाजी आणि भरिताची इतकी गोडी लागली आहे की आठवड्यातल्या चार-पाच रात्री तेच. तपासणीत रक्तदाब 136/88 निघाला, वजन पाच किलोंनी वाढलंय. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, बाहेरचं कमी करा, फळं खा. पण फळं आणली की खोलीवर सडतात. आणि जो तो सांगतो की केळ्यानं वजन वाढतं, कफ होतो. डिसेंबरात आई येणार आहे, तिला मधुमेह आहे, मूत्रपिंडं ठीक आहेत. तिला इथलं काय खाऊ घालू? आणि हॉटेल बंदच करू का?"

भाऊ, हॉटेल बंद करू नका. बावीस वर्षं मी जळगावात आहारसल्ल्याचं काम करते आहे. "बाहेरचं एकदम बंद" असं ज्यांना सांगितलं गेलं, ते पुन्हा माझ्याकडे आले तेव्हा वजनाचा काटा बहुधा आधीपेक्षा पुढेच होता. तीन-चार आठवडे माणूस जिभेला दाबून ठेवतो आणि एका शनिवारी ढाब्यावर बसला की दोन जणांचं जेवून उठतो. शिवाय खान्देशात राहायचं आणि इथलं जेवायचं नाही, हे रत्नागिरीत राहून मासळी सोडण्यासारखंच आहे. इथलं अन्न इथल्या मातीचं, इथल्या उन्हाचं आहे. त्याची चव लागली, म्हणजे हा मुलूख तुम्हाला मानवला, असं मी समजते.

तुमच्या पत्रात मला खटकलं ते दीड ते साडेनऊ. आठ तास पोटात फक्त चहा आणि बिस्किटं. साडेनऊला तुम्ही टेबलावर बसता तेव्हा पोटात आग पडलेली असते. शेवभाजी यायच्या आत पापड संपतो, कांदा संपतो, पहिली रोटी नुसत्या रश्श्यात बुडवून जाते. मग भाजीची दुसरी वाटी. अशा वेळी चव कळतच नाही, फक्त तिखट कळतं. मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं या आठ तासांबद्दल आहे.

आधी शेवभाजी. तिच्यात काय असतं ते एकदा नीट समजून घ्या. कांदा आणि सुकं खोबरं पार काळपट होईपर्यंत भाजतात, लसूण, आलं, कोथिंबीर घालून वाटतात, काळा मसाला टाकतात आणि शेंगदाण्याच्या तेलात हे वाटण तेल सुटेपर्यंत परततात. मग पाणी. भाजी उकळली की वर जी लाल तर्री येते ती तेलाचीच. शेव जाड, तिखट, खास भाजीसाठीची, आणि ती वाढण्याच्या अगदी आधी पडते, नाहीतर तिचा लगदा होतो. ती शेव म्हणजे तळलेलं बेसन. म्हणजे तेल दोनदा आलं आणि मीठ तीनदा: शेवेत, रश्श्यात आणि सोबतच्या पापड-लोणच्यात. एका मोठ्या चमच्यात साधारण 15 मिलिलिटर तेल मावतं, त्याचे सुमारे 120 उष्मांक होतात. ज्या केळ्याला लोक वजनासाठी नावं ठेवतात, त्या मध्यम केळ्याचे साधारण 100. तर्रीच्या एका मोठ्या चमच्यात केळ्याहून जास्त आलं, आणि तसे तीन-चार चमचे सहज जातात.

म्हणून शेवभाजी मागवाल तेव्हा शेव आणि रस्सा वेगवेगळा मागा. बऱ्याच ठिकाणी देतात. रस्सा दोन मिनिटं तसाच राहू द्या, तर्री वर जमली की चमच्यानं बाजूला काढा. सगळी काढू नका, काळ्या मसाल्याचा वास तिच्यातच असतो, निम्मी काढा. शेव मुठीच्या निम्मी घाला. तंदूर रोटीऐवजी भाकरी असेल तर भाकरी घ्या, ज्वारीची किंवा बाजरीची, आणि कळण्याची मिळाली तर दुसरं काही बघूच नका. एवढ्यानंच तुमच्या ताटातलं तेल बरंच खाली येतं आणि शेवभाजी शेवभाजीच राहते. पापड सोडा. तो मीठच आहे.

कळणा तिकडे कोकणात नसतो, म्हणून सांगते. ज्वारीत उडीद मिसळून, मीठ घालून दळलेलं पीठ म्हणजे कळणा. भाकरी जराशी काळपट होते, तिला उडदाचा चिकटपणा येतो. ज्वारीच्या प्रथिनांत जे कमी असतं ते उडदात असतं, त्यामुळे दोन्ही मिळून ती प्रथिनं अंगाला जास्त चांगली लागतात. आमच्या आज्या-पणज्यांनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं. काळ्या जमिनीत ज्वारी-उडीद एकत्र पिकत होते, आणि कळण्याच्या दोन भाकरी खाऊन शेतात गेलं तर दुपारपर्यंत भूक लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

आता भरीत. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते हॉटेलात मिळणाऱ्या खान्देशी पदार्थांत प्रकृतीला सगळ्यात मानवणारा तोच आहे आणि लोक त्याला शेवभाजीच्याच यादीत टाकतात. भरिताचं वांगं फिकट हिरवं, मोठं, बिया अगदी कमी, साल पातळ. यावल तालुक्यातल्या बामणोदचं नाव त्यात पुढे. जळगावच्या केळीला आणि या भरिताच्या वांग्याला, दोघांनाही 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेतात भरीत करतात तेव्हा पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळलेल्या काड्यांचा जाळ करतात. वांगी त्यात टाकली की आधी सुस्कारल्यासारखा आवाज येतो, मग साल काळी पडून तडकते आणि देठाजवळून पाणी बाहेर येऊन उकळायला लागतं. तो क्षण ओळखून जी बाई वांगं फिरवते तिच्या भरिताला कच्चट वास कधी येत नाही. साल गरम असतानाच सोलायची, बोटं पाण्यात बुडवत. मग लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या आणि लसूण मुसळीनं ठेचून, त्यात गर घालून पुन्हा ठेचायचा. मिक्सरमधलं भरीत मी एका घासात ओळखते, त्याची पेस्ट होते, रेषा राहत नाहीत. शेवटी शेंगदाण्याच्या तेलात कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर.

यातलं महत्त्वाचं असं की वांगं भाजताना तेल लागत नाही. तळायला घेतलं तर वांगं तेल शोषून घेतं, इथे ते जाळावर नुसतं शिजतं आणि तेल शेवटच्या फोडणीतच येतं. म्हणून "तेल कमी" असं भरिताच्या बाबतीत सांगता येतं आणि दुकानदारही ऐकतो. हिवाळ्यात शहरात जागोजागी भरीत किलोवर मिळतं. पाव किलो एका माणसाला भरपूर होतं. त्याच्यासोबत पुऱ्या देतात, कळण्याच्याही देतात. दोन खा, चव बघा, बाकी भाकरीवर न्या. हंगामात आठवड्यातून दोन रात्री भरीत असेल तर माझी काहीच हरकत नाही.

बाकीच्या पदार्थांवर थोडक्यात. पाटवड्यांची रस्साभाजी शेवभाजीपेक्षा बरी, कारण पाटवडी थापलेली असते, तळलेली नसते. फुणके-कढी मिळाली तर आनंदानं खा, फुणके भिजवलेल्या डाळी भरडून वाफवलेले असतात, पण हॉटेलांत ते क्वचितच मिळतात. बट्टी वाफवून पुन्हा तळतात आणि वर तूप असतं, ती दुपारी खायची, रविवारी, आणि त्या रात्री फक्त ताक. मिरचीचा ठेचा चमचाभर चालेल.

कुठे बसायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. महामार्गावरचा मोठा ढाबा असो की गल्लीतली सहा टेबलांची खानावळ, मी दोन गोष्टी बघते. दर्शनी भागात अन्नसुरक्षा परवान्याचा 14 आकडी क्रमांक लावलाय का, आणि तळणीच्या कढईतलं तेल कसं दिसतं. तेच तेल पुन्हापुन्हा तापवलं की काळं, दाट होतं, त्याला फेस येतो आणि त्यात शरीराला नकोसे घटक साठतात. देशात 2018 पासून त्यावर मर्यादा आहे: तेलातल्या अशा ध्रुवीय घटकांचं प्रमाण 25 टक्क्यांपुढे गेलं की ते तेल वापरता येत नाही. ते प्रमाण डोळ्यांना दिसत नाही, पण काळं, फेसाळ तेल दिसतं. अशा ठिकाणी तळलेलं मागवू नका. घरची बाई स्वतः भाकरी थापत असेल आणि रोजची दोनच भाज्या करत असेल, ती खानावळ कितीही साधी असली तरी माझ्या मनात वरची आहे.

आता तुमच्या रक्तदाबाकडे येते, आणि तिथूनच फळांकडे.

136/88 म्हणजे सीमेवरचा आकडा. तुमच्या डॉक्टरांनी गोळी दिली नाही हे योग्यच झालं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, दिवसभराचं सगळं धरून. रोज रात्री हॉटेलात जेवणाऱ्याचं मीठ त्याच्या पुढे जाणारच. मिठातलं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं आणि रक्तवाहिन्यांवर ताण येतो. त्याच्या उलट बाजूला पोटॅशियम आहे. ते पुरेसं मिळालं की मूत्रपिंडं सोडियम जास्त प्रमाणात बाहेर टाकतात आणि रक्तवाहिन्याही थोड्या सैल होतात. हे पोटॅशियम फळं, भाज्या, डाळी यांतून येतं. 100 ग्रॅम केळ्यात ते साधारण 350 मिलिग्रॅम असतं. म्हणून मी फळाला हॉटेलच्या जेवणाचं प्रायश्चित्त म्हणत नाही. शेवभाजी खाल्ली म्हणून दुसऱ्या दिवशी नुसती फळं खाऊन राहणारे लोक माझ्याकडे येतात, संध्याकाळी पुन्हा तेच करतात. फळाचं काम रोजचं आहे, शेवभाजी खाल्ली तरी आणि नाही खाल्ली तरी.

किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या मार्गदर्शनात दिवसाच्या ताटात 100 ग्रॅम फळं आणि 400 ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. 100 ग्रॅम म्हणजे एक मध्यम केळं, किंवा एक पेरू, किंवा पपईची वाटीभर फोडी. एवढंच. दोन फळं झाली तर उत्तम. यात महाग काही नाही, अवघडही नाही.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. हे काम सुरू केलं तेव्हा मी छापील तक्ता देत असे. त्यात सकाळी एक सफरचंद लिहिलेलं असे, शिकताना तसंच शिकवलं होतं. यावल तालुक्यातल्या एक बाई, घरची पाच एकर केळी, तीन महिन्यांनी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, सफरचंद परवडत नाही, म्हणून मी फळ बंदच केलं." दारात केळी, बांधावर पेरू आणि माझ्या तक्त्यामुळे त्या बाई तीन महिने फळाविना राहिल्या. तो तक्ता मी त्याच आठवड्यात काढून टाकला. तेव्हापासून मी आधी विचारते, तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर काय पिकतं?

आणि तुम्ही तर केळीच्या पेठेत राहता. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हा सगळा तापीकाठचा पट्टा केळीचा. सावद्याहून, रावेरहून केळी रेल्वेनं दिल्लीकडे जातात. 2021 मध्ये तांदलवाडीतून मानांकन मिळालेली 22 टन केळी दुबईला गेली. आणि त्याच रावेर-यावलच्या घरांत मी विचारलं की शेवटचं केळं कधी खाल्लं, तर उत्तर येतं, "एकादशीला." मला याचं खरंच वाईट वाटतं. ज्या पिकासाठी माणूस मृगबागेची आणि कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीची, वर्षभर राखण करतो, ते त्याच्या स्वतःच्या मुलांच्या डब्यात नसतं.

केळ्यानं वजन वाढतं हे खरं नाही. दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त खाल्ल्यानं वाढतं, मग ते काहीही असो. तुमची चार बिस्किटं आणि साखरेचा चहा काढून त्या जागी एक केळं आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे ठेवले तर उष्मांक फारसे बदलणार नाहीत, पण तंतू येतील, पोटॅशियम येईल, पोट तीन तास शांत राहील. कफाचं म्हणाल तर केळ्यानं सर्दी होते याला आधार नाही. ज्याला दम्यात किंवा खोकल्यात ते खाऊन घशाशी बरं वाटत नाही त्यानं त्या दिवशी खाऊ नये, एवढंच. फळ जेवणाआधी की नंतर, दुधासोबत की वेगळं, यावर घरोघरी वाद चालतात. माझ्या मते ज्या वेळेला ते रोज खाल्लं जातं ती वेळ बरोबर.

तुमच्यासाठी ती वेळ म्हणजे दुपारचे चार-साडेचार. बँकेच्या टेबलाच्या खणात केळं ठेवा. ते धुवावं लागत नाही, कापावं लागत नाही, हातही चिकट होत नाहीत. साडेसहा-सातला निघताना मूठभर फुटाणे. मग रात्री हॉटेलात बसाल तेव्हा भूक असेल, पण हावरेपणा नसेल. भरिताची रेष जिभेला कळेल. मी हे ज्यांना ज्यांना करायला लावलं, त्यांच्यापैकी बहुतेकांनी आपणहूनच सांगितलं की आता एक भाकरी कमी लागते.

फळं सडतात यावर उपाय सोपा आहे. तुम्ही एकदम दोन डझन आणत असाल. फळवाल्याला सांगा, अर्धी फणी आजची, अर्धी तीन दिवसांनंतरची. तो बरोबर निवडून देतो, त्याच्याशी ओळख वाढवा. केळी फ्रीजमध्ये ठेवू नका, साल काळी पडते आणि पिकणं बिघडतं. दोरीला टांगून ठेवलीत तर खाली दाबून काळी पडत नाहीत. एक गोष्ट उन्हाळ्यासाठी लक्षात ठेवा. इथे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. एवढ्या उष्णतेत केळं आतून पिकतं, पण साल हिरवी राहते. लोक कच्चं समजून ठेवून देतात आणि दोन दिवसांत ते पाणी होतं. बोटानं हलकं दाबून बघा.

कार्बाइडची भीती सगळ्यांना आहे. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहेच, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. वखारीतल्या बंद खोल्यांत इथिलीन वायूनं पिकवायला मात्र ठरलेल्या प्रमाणात परवानगी आहे, आणि तो वायू फळ स्वतःही पिकताना सोडतं. एकसारखं पिवळं दिसलं की कार्बाइडच, असं समजू नका, चांगल्या वखारीतली केळीही तशीच दिसतात. साल पिवळी पण गर कडक, बेचव आणि पिठूळ, असं सारखं होत असेल तर दुकान बदला. सालीवर बारीक तपकिरी ठिपके आलेलं केळं तर खाण्याच्या अगदी ऐन वेळेचं असतं.

रोज केळंच खा असं मात्र मी म्हणत नाही. खान्देशात ऋतूप्रमाणे हात फिरवला तर वर्ष भरतं. पावसाळा सरताना सातपुड्यातली सीताफळं येतात, गोड असतात, एक पुरे. शहाद्याकडची पपई तर बराच काळ मिळते, तिच्यातला नारिंगी रंग शरीरात अ जीवनसत्त्व होतो. थंडीत पेरू, ज्याला इथे अनेक जण जाम म्हणतात. त्याच्या 100 ग्रॅममध्ये क जीवनसत्त्व 200 मिलिग्रॅमच्या वर असतं, संत्र्याच्या चौपट. आता याचा हॉटेलशी संबंध बघा. भाकरीत, पालेभाजीत, डाळीत लोह असतं, पण वनस्पतींमधलं लोह आतड्यात सहज शोषलं जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते बरंच जास्त शोषलं जातं. म्हणून ताटातलं लिंबू शोभेचं समजू नका, पूर्ण पिळा. रात्री जेवल्यावर पेरूच्या दोन फोडी खाल्ल्या तर तेच काम होतं. आणि जेवल्या जेवल्या चहा घ्याल तर उलट होतं, चहा ते लोह अडवतो. तासभर थांबा. माझ्याकडे येणाऱ्या बायका-मुलींमध्ये रक्त कमी असणं ही सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि त्यांना मी औषधाइतकंच हे लिंबू-पेरूचं सांगते.

उन्हाळ्यात टरबूज आणि खरबूज. टरबुजात 90 टक्क्यांच्या वर पाणी, उन्हातून आल्यावर दुसरं काही नको. पण गाडीवर कापून ठेवलेलं घेऊ नका. सुरी, माशी, धूळ, शिंपडलेलं पाणी, सगळं त्यात येतं. दर उन्हाळ्यात जुलाबाचे रुग्ण यातून येतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि खापरावरचे मांडे. ते चुकवू नका, कुणी घरी बोलावलं तर नक्की जा. इथल्या कितीतरी घरांत आखाजीच्या आधी आंबा तोंडाला लावत नाहीत. एक दिवस पुरण आणि रस खाल्ल्यानं काही बिघडत नाही.

ज्यूस मात्र मी कुणालाच सांगत नाही. चार मोसंब्यांचा रस दोन मिनिटांत पोटात जातो, तंतू गाळणीत राहतात, वर साखर आणि मीठ पडतं. चार मोसंबी सोलून खायला घेतलीत तर दुसऱ्यालाच थांबाल.

आता आई. मधुमेहात फळ बंद, ही समजूत इतकी घट्ट आहे की मला दर आठवड्याला ती सोडवावी लागते. अख्खं फळ चालतं, प्रमाण आणि वेळ सांभाळून. तिला एका वेळी अर्धं केळं द्या, जरा कमी पिकलेलं, कारण जितकं जास्त पिकेल तितकं त्यातलं पीठ साखरेत बदललेलं असतं. सोबत सात-आठ शेंगदाणे द्या म्हणजे साखर सावकाश चढेल. पेरू तिच्यासाठी सगळ्यात चांगला, पपई वाटीभर चालेल, सीताफळ आणि चिकू अगदी थोडे. जेवणात भाकरी असेल तर त्याच जेवणात फळ वाढवू नका, सकाळी अकराला किंवा चारला द्या. ग्लुकोमीटर असेल तर फळ खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा बघा, तिचं शरीर काय म्हणतं ते माझ्यापेक्षा त्यातून जास्त कळेल. मूत्रपिंडं ठीक आहेत असं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. तो आजार असेल तर पोटॅशियम साचतं, तेव्हा केळंसुद्धा विचारून खावं लागतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम अंगात राहतं. तिला अशी गोळी चालू असेल तर तिच्या डॉक्टरांना आधी विचारा.

डिसेंबर म्हणजे ऐन भरिताचे दिवस. बँकेतल्या कुणाचं शेत यावल-भुसावळकडे असणारच, शब्द टाकून ठेवा. कुणी ना कुणी भरीत पार्टीला बोलावतंच, इथली माणसं या बाबतीत सढळ आहेत. "पोटभर खाई ले भाऊ," म्हणतील. आईला दुपारी न्या, रात्री नको, म्हणजे नंतर बांधावरून चालणं होईल. कळण्याची एक भाकरी, भरीत हवं तेवढं, कच्च्या कांद्याची पात, ताक. पुरी आणि गोड टाळा. इन्सुलिन घेत असेल तर जेवण उशिरा होणार हे धरून चला, शेतातलं जेवण बाराचं दोनला होतं.

परत येताना मेहरूणची बोरं मिळाली तर घ्या. झाडं आता कमी झालीत, म्हणून हातगाडीवाल्याला विचारूनच घ्या. लहान, गोल, आंबटगोड, पिकताना एका बाजूनं लाल होतात. आईला मूठभर द्या, धुऊन. ती चार बोरं खाऊन झाल्यावर सगळ्यात आधी विचारेल की ही रत्नागिरीला नेता येतील का. नेता येतात, अर्धवट पिकलेली, कागदी पिशवीत, बॅगेत सगळ्यात वर ठेवून.

तीन महिन्यांनी रक्तदाब पुन्हा मोजा, सकाळी, चहाआधी, पाच मिनिटं शांत बसून, आणि आदल्या रात्री काय जेवलात ते त्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.